पुढाऱ्याचा राग



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी सतरंजीवर बसून विद्वानांना ऐकावे, ही सवय महाराष्ट्राच्या गावोगावी लागली आहे. आम्ही विद्वान नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. आमची शाळा नववीत सुटली. वडील मुंबईच्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली, आणि तो संप संपला असे रीतसर कोणी कधी जाहीर केलेच नाही. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे होतो. वडिलांनी दोन वर्षे वाट पाहिली, मग बिऱ्हाड गावी हलवले. पुढची आमची विद्या सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या गेटवर झाली. त्यामुळे आज जे बोलू त्यात शास्त्र थोडे आणि ठेचा जास्त असतील.

चालकांनी विषय दिला तो असा : दडपणाच्या वेळी पुढाऱ्याने शांत कसे राहावे, आणि स्वतःच्या मनात काय चालले आहे ते कसे ओळखावे. हे पत्र आम्ही घरात वाचून दाखवले तेव्हा आमच्या मंडळींनी हातातले लाटणे खाली ठेवले आणि म्हणाल्या, "हे तुम्ही सांगणार?" त्यांचे म्हणणे रास्त होते. तरी आम्ही होकार कळवला, कारण कधीच न चिडणाऱ्या माणसाला या विषयावर बोलण्यासारखे फारसे काही असेल असे आम्हांस वाटत नाही.

आमच्या बोलण्यात 'आम्ही' फार येते, हे एव्हाना आपल्या ध्यानात आले असेल. ही युनियनची सवय. निवेदनावर 'आम्ही खालील सही करणारे' असे लिहिता लिहिता जिभेला तेच वळण पडले. पण या शब्दात एक धोका आहे. 'आम्ही'च्या आडोशाला 'मी' लपून बसतो, आणि पुष्कळदा तो बसला आहे हे आपल्यालाच ठाऊक नसते. आमची पुढची सगळी हकीकत त्या लपलेल्या 'मी'चीच आहे.

साल १९९९. पत्र्याचे सुटे भाग दाबून काढणारा एक कारखाना. नाव घेत नाही. आमचे वय अठ्ठावीस आणि कमिटीचे चिटणीसपद नवे. प्रेसखात्यात पॉवर प्रेस होते. अशा प्रेसला दोन बटणे असतात आणि दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय वरचा डाय खाली येत नाही. हेतू असा की डाय उतरताना कामगाराचे दोन्ही हात बटणांवर, म्हणजे बाहेर असावेत. उत्पादन वाढावे म्हणून एका प्रेसचे एक बटण तारेने कायमचे दाबून बांधले होते. एका हाताने तुकडा सरकवायचा, दुसऱ्याने बटण दाबायचे. तासाला नग जास्त निघतात. यंत्राच्या धोक्याच्या भागाला आडोसा असलाच पाहिजे, असे तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याचे २१ वे कलम स्पष्ट सांगत होते. ती तार आम्ही पाहिली होती. तोंडी तक्रारही केली होती. लेखी केली नव्हती, हेही आज कबूल केले पाहिजे.

एका सकाळी पहिल्या पाळीला त्या प्रेसवर एका तरुण पोराची उजव्या हाताची चार बोटे गेली.

आम्ही अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी आम्हांस केबिनबाहेर दीड तास उभे केले. आत घेतले तेव्हा समोर तीन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसा म्हणाले नाहीत. फायलीतून मान वर न करता म्हणाले, "पोराची चूक आहे, लक्ष नव्हते त्याचे." आम्ही बाहेर आलो. गेटवर दोन्ही पाळ्यांची माणसे जमली होती, सहाशेच्या वर असतील. कोणी तरी आम्हांस सिमेंटच्या कट्ट्यावर चढवले. मनात योजना अशी होती की कारखाना निरीक्षक येईपर्यंत प्रेसखाते बंद ठेवण्याची मागणी करायची, आणि ती तार कोणी सोडू नये म्हणून तिथे दोन माणसे बसवायची. चांगली योजना होती ती. पण तोंड उघडले आणि वाक्य निघाले ते दुसरेच : "आज आत शिरल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही!"

हे वाक्य आम्ही ठरवले नव्हते. ते आलेच कुठून, याचा आम्ही पुढे कित्येक वर्षे विचार केला.

माणसे आत शिरली. काचा फुटल्या. गेटवरचा रखवालदार आडवा आला. तोही ठेक्यावरचा, आमच्याहून कमी पगाराचा माणूस. त्याला धक्का बसला, तो लोखंडी अडसरावर पडला आणि त्याचा खांदा मोडला. संध्याकाळी पोलीस आले. चौदा जण निलंबित झाले, त्यांतले नऊ कामावर परत घेतले गेले नाहीत. आणि सर्वांत वाईट म्हणजे त्या दिवसापासून चार बोटांचे नाव कोणी घेईना. चौकशी झाली ती काचांची, कागदपत्रे झाली ती दंग्याची. तार त्या गडबडीत केव्हाच निघाली होती, आणि निरीक्षक आले तेव्हा दोन्ही बटणे व्यवस्थित चालत होती.

आमच्यातले एक वयस्क कामगार होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. पंधरा दिवसांनी ते आमच्या खोलीवर आले, चहा घेतला आणि म्हणाले, "तुला एक विचारू? त्या दिवशी तुला राग कशाचा आला होता?"

"तात्या, पोराची बोटं गेली. राग येणार नाही तर काय?"

"बोटं सकाळी आठला गेली. आठपासून साडेदहापर्यंत तू अगदी बरोबर बोलत होतास. पोराला दवाखान्यात नेलंस, त्याच्या घरी निरोप धाडलास. साडेदहाला केबिनमधून आलास तो निराळाच. आत काय झालं?"

आम्ही त्यांना खुर्चीचे सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे खुर्चीचा राग तू पोरांच्या गळ्यात बांधलास."

त्या वेळी आम्ही तात्यांशी भांडलो. कामगार प्रतिनिधीला उभे ठेवणे हा सगळ्या कामगारांचा अपमान आहे, वगैरे आम्ही बोललो. ते खोटे नव्हते. पण कट्ट्यावर उभे असताना आमच्या डोळ्यांपुढे त्या रिकाम्या खुर्च्या होत्या, पोराचा हात नव्हता. हे कबूल करायला आम्हांस पाच-सहा वर्षे लागली.

आता यावरून 'क्रोध हा शत्रू आहे' असे प्रवचन कोणी काढील, तर ते आमचे म्हणणे नव्हे. हल्ली कारखान्यांतून ताणमुक्तीची शिबिरे होतात, डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला शिकवतात. श्वासाला आमची हरकत नाही. परंतु यंत्राची तार बांधलेली ठेवून कामगाराला श्वास शिकवणे हा भलताच व्यवहार आहे. ज्याला अशा वेळी राग येत नाही त्याने पुढारी होऊच नये. प्रश्न एवढाच की हा राग कोणाचा आणि कशाचा, हे पुढाऱ्याला बोलण्यापूर्वी ठाऊक आहे की नाही.

वाचनालयात आम्ही या प्रश्नाचा माग काढू लागलो, तेव्हा पहिल्यांदा हाती लागला तो अहमदाबादचा १९१८ सालचा गिरणी कामगारांचा लढा. प्लेगच्या साथीत मजूर शहर सोडून जाऊ नयेत म्हणून मालकांनी प्लेग-बोनस दिला होता. साथ ओसरल्यावर तो काढून घेण्याची भाषा सुरू झाली, आणि इकडे महागाई तर भडकलेली. कामगारांची मागणी पन्नास टक्के वाढीची, मालक वीसच्या वर जाईनात. गांधीजींनी चौकशी करून पस्तीस टक्के ही मागणी न्याय्य ठरवली. एका बाजूला मालकांचे अग्रणी अंबालाल साराभाई, दुसऱ्या बाजूला कामगारांच्या पाठीशी त्यांचीच सख्खी बहीण अनसूयाबेन, आणि गांधीजींचा स्नेह दोघांशीही. असा अवघड मामला होता.

२२ फेब्रुवारीपासून मालकांनी टाळेबंदी केली. साबरमतीच्या काठी झाडाखाली रोज सभा होई, रोज एक पत्रक निघे. पस्तीस टक्क्यांखाली कामावर जायचे नाही आणि दंगाही करायचा नाही, अशी प्रतिज्ञा कामगारांनी घेतली. पहिले आठवडे उत्साहात गेले. मग पोटे बोलू लागली. १२ मार्चला मालकांनी टाळेबंदी उठवली आणि वीस टक्के मान्य असतील त्यांनी यावे म्हणून दरवाजे उघडले. सभेची गर्दी रोडावली. अशात वस्तीत गेलेल्या कार्यकर्त्याच्या कानी मजुरांचे बोल आले. त्यांचा आशय असा की गांधीजींचे आणि अनसूयाबेनचे काय जाते, ते मोटारीतून येतात-जातात, पोटभर जेवतात, मरण आमचे आहे.

हे बोलणे कोणत्याही पुढाऱ्याच्या वर्मी लागावे असेच आहे. आमच्यासारखा असता तर म्हणाला असता, "कृतघ्न आहात, करा तुमचे तुम्ही!" गांधीजींनी टोमण्यातला खरा भाग उचलला : उपाशी आहेत ते, आपण नाही. १५ मार्चच्या सभेत त्यांनी जाहीर केले की तडजोड होईपर्यंत आपण अन्नाला शिवणार नाही. १८ तारखेला तडजोड झाली. पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, दुसऱ्या दिवशी वीस, तिसऱ्या दिवसापासून साडेसत्तावीस, आणि पुढचे लवादाने ठरवावे. आनंदशंकर ध्रुव लवाद होते. त्यांनी त्याच वर्षी पस्तीस टक्केच दिले.

उपासाने लढा जिंकला, ही गोष्ट सगळे सांगतात. आमचे लक्ष दुसरीकडे आहे. आपल्या आत्मकथेत गांधीजी कबूल करतात की ते शब्द आपल्या तोंडून आपसूक निघाले, आणि त्या उपासात दोष होता. उपास कामगारांना सावरण्यासाठी असला तरी मालक स्नेही असल्यामुळे त्यांच्यावर त्याचे दडपण येणारच, आणि हे दडपण न्यायाचे नव्हे. त्यांनी मालकांनाही सांगितले होते की माझ्या उपासाकडे पाहून निर्णय करू नका. आता, उपाशी स्नेही समोर असताना हे कोणाला जमणार? मालक काय ते समजले. आमच्या मते तो उपास निर्मळ नव्हताच. परंतु आपल्या हत्याराला गंज कुठे चढला आहे ते प्रतिपक्षाला आपणच दाखवायचे, हे बळ आम्ही दुसऱ्या पुढाऱ्यात क्वचितच पाहिले. एरिक एरिक्सन नावाच्या मनोविश्लेषकाने याच लढ्यावर १९६९ साली एक जाड इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. आम्ही तो कोश घेऊन दोन पावसाळे वाचत होतो.

कट्ट्यावर आमच्याही तोंडून शब्द आपसूक निघाला होता. त्यांचा शब्द त्यांच्याच पोटावर गेला, आमचा रखवालदाराच्या खांद्यावर. हा फरक आम्हांस फार छळतो.

दुसरे उदाहरण आपल्या मुलखातले, महाडचे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परिषदेच्या प्रतिनिधींसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी घेतले. थोड्या वेळाने गावात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मंडपावर चालून गेला. परतीच्या तयारीत असलेल्या, जेवायला बसलेल्या माणसांना मारहाण झाली. प्रतिनिधींत पलटणीतून निवृत्त झालेले शिपाई होते. लढाई काय असते ते त्यांना गावगुंडांपेक्षा चांगले ठाऊक होते. ते फक्त एका शब्दाची वाट पाहत होते, आणि तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. पुढे खटला झाला आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली.

पण आम्हांस त्याहून अवघड वाटते ती त्याच वर्षीच्या डिसेंबरातली गोष्ट. तळ्यावर सत्याग्रह करायचा म्हणून हजारो माणसे महाडला जमली होती, तुरुंगात जायला तयार होऊन आली होती. ऐन वेळी विरोधकांनी दिवाणी न्यायालयाकडून तात्पुरता मनाईहुकूम आणला. २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले, मने तापलेली, सत्याग्रह करायचाच असा लोकांचा कौल. अशा सभेपुढे उभे राहून आजचा सत्याग्रह पुढे ढकलू या, हे सांगावे लागले. मिरवणूक तळ्याभोवती फिरून, पाण्याला न शिवता परतली. ते पाणी हक्काचे आहे हे उच्च न्यायालयाकडून ठरायला १७ मार्च १९३७ उजाडला. म्हणजे दहा वर्षे.

श्रोतेहो, 'चला' म्हणणाऱ्याला टाळ्या मिळतात. 'थांबा' म्हणणाऱ्याला काय मिळते ते ज्याने म्हटले त्यालाच माहीत. कामगार चळवळीत तर शांत पुढाऱ्याविषयी पहिला संशय येतो तो हा की गडी विकला गेला. ही भीती फार खोल असते. आमचे असे मत झाले आहे की रागापेक्षा ह्या भीतीनेच पुढारी जास्त बिघडतात. मालकाशी रात्री तडजोडीवर आलेला माणूस सकाळी गेटवर उगीच आवाज चढवतो. तो मालकावर चिडलेला नसतो, समोरच्या आपल्याच माणसांना भ्यालेला असतो.

हे सगळे कळल्यावर आम्ही साधू झालो असे नाही. काही सवयी लावून घेतल्या, इतकेच. राग चढला की आमची जीभ कोरडी पडते आणि उजव्या हाताची मूठ वळते. ही खूण मंडळींनी दाखवून दिली, आम्हांस कधी कळली नव्हती. मूठ वळलेली दिसली की आम्ही पाणी मागतो. भाषणाचे पहिले आणि शेवटचे वाक्य कागदावर लिहून नेतो, कारण घात तिथेच होतो. प्रत्येक सभेत आमच्या मागे एक माणूस उभा असतो, आणि आम्ही भरकटलो तर सदरा ओढण्याची त्याला मुभा आहे. सदरा दोनदा फाटला आहे. मोबाइल आल्यापासून नवी पंचाईत झाली. रात्री एक वाजता व्हॉट्सअॅपवर कोणी टाकतो की उद्या वीस जणांना काढणार, दोनपर्यंत शंभर उत्तरे. आम्ही रात्री दहानंतर त्या चावडीवर अक्षर लिहीत नाही. यावरून आम्हांस पुष्कळ बोलणी बसतात. बसू देत.

२०११ साली एस. टी. स्टँडवर एक म्हातारासा माणूस जवळ आला. म्हणाला, "दादा, ओळखलं का?" तोच रखवालदार. डावा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. आम्ही त्याला हॉटेलात नेले, बसवले, माफी मागितली. बारा वर्षे उशिरा. तो म्हणाला, "झालं ते झालं. पर तुमी त्या दिवशी येवढं का चिडला हुता?" खोटे सांगण्याचे काही कारण उरले नव्हते. सांगितले की साहेबांनी बसायला खुर्ची दिली नाही. तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "दादा, मला तर त्या गेटावर नऊ वर्सांत कुनी खुर्ची दिली न्हाई. ना साहेबांनी, ना तुमी."

आम्ही रोज त्याच गेटवरून आत-बाहेर करीत होतो.

२०१४ साली दुसऱ्या एका कारखान्यात संप झाला, एकेचाळीस दिवस चालला. मागितले त्याच्या दोन-तृतीयांश मिळत होते, आणि यापुढे ताणले तर मोडेल हे आम्हांस दिसत होते. पुन्हा गेट, पुन्हा कट्टा. मूठ वळलेली. कागदावर लिहिलेले पहिले वाक्य आम्ही वाचले : "आज तुमच्यापुढे उभे राहायची भीती वाटते, कारण जे सांगणार ते तुम्हांला आवडणार नाही." गर्दीतून एक चप्पल आली, कट्ट्याच्या खाली पडली. कोणी तरी बांगड्या दाखवल्या. तडजोडीचा एकेक आकडा वाचायला चाळीस मिनिटे लागली, मग मतदान घेतले. ठराव थोड्या मतांनी पास झाला. चप्पल टाकणारा कोण ते आम्हांस माहीत आहे. चांगला कार्यकर्ता आहे तो, आज कमिटीवर आहे.

त्या मागणीपत्रात सतरावी मागणी अशी होती की गेटवरच्या ठेक्याच्या रखवालदारांना शेड आणि बसायला खुर्ची मिळावी. वाटाघाटीत मालकांच्या वकिलांनी विचारले, ही माणसे तुमच्या युनियनची सभासद तरी आहेत का? नव्हती. शेड महिन्याभरात झाली. खुर्चीला आणखी आठ महिने लागले.